लाभ

चोपड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा म्हणजे
सायकल स्टँडमागची लांब खोली,
मार्चमध्येच पत्रा तापून टकटक वाजणारी.
अकरावी सायन्स, टेबल नंबर तीन :
मी, तस्लीम पिंजारी, भूषण नेहेते
आणि सातपुड्यातून खाली आलेला दिलवर पावरा,
जो बोलण्याआधी प्रत्येक वाक्य
मनात एकदा उलटंपालटं करून बघायचा.

भंगाळे मॅडमनी फळा कोराच ठेवला.
एक पितळी गोळा दिला, एक स्टॉपवॉच.
म्हणाल्या, पृथ्वी किती जोरात ओढते, सांगा मला.
आणि खिडकीशी जर्नलं तपासत बसल्या.

दोरा तस्लीमचा, गादी शिवायचा, न ताणणारा.
लांबी भूषणनं घेतली,
हुकापासून गोळ्याच्या पोटापर्यंत, बरोबर एक मीटर.
मोजणी माझ्याकडे आली,
कारण मी मार्केट यार्डातल्या मापाड्याची पोर,
बोलणं शिकले त्याच्या आधी मोजणं शिकले.

दिलवरनं गोळा सोडला.
मी म्हणाले, लाभ.
मग दोन, तीन, चार,
बाबांच्याच चालीत, शेवटचं अक्षर लांबवत,
वीसपर्यंत.
अडतीस पॉइंट दोन सेकंद.

उत्तर आलं दहा पॉइंट ब्याऐंशी.
चोपड्यात पृथ्वी जरा जास्तच ओढत होती.

भूषण कुजबुजला, भावाचं जर्नल आहे माझ्याकडे,
नऊ पॉइंट आठ लिहून टाकू.
मॅडमचं डोकं वर झालं नाही, आवाज मात्र आला :
आकडा खोटा नाहीये तुमचा.
तुम्ही जे केलं, त्याचं ते खरं उत्तर आहे.
काय केलंत ते शोधा.

पंखा बंद केला. घाम पट्टीवर टपकला.
लांबी पुन्हा मोजली, स्टॉपवॉच शेजारच्या टेबलाशी बदललं.
भूषण म्हणे दोरा, तस्लीम म्हणे भूषण.
मी दोघांवर ओरडले.
पुन्हा दहा पॉइंट आठ, पुन्हा तेच.
चूक होती, पण काय शिस्तीची चूक!

तेव्हा दिलवर म्हणाला,
लाभ म्हणजे किती?
आम्ही हसलो. अरे, लाभ म्हणजे एक.
तो हसला नाही.
पण तेव्हा तर मी नुसता सोडला,
अजून तो गेलाय कुठे, आलाय कुठे?

पत्रा वाजला.
स्टॉपवॉच तस्लीमच्या हातात तसंच चालू राहिलं.

पोतं ट्रकमध्ये पडतं तेव्हा लाभ.
पडून झालेलं असतं ते, मोजण्याजोगं.
गोळा सुटतो तेव्हा अजून काहीच झालेलं नसतं,
आणि त्या काहीच नसण्याचा
मी एक धरत होते.

पुढच्या वेळी शून्य म्हणायचं ठरलं.
जीभ वळेना. दोनदा लाभच निघालं तोंडून,
दोनदा दिलवरनं गोळा हातानं थांबवला,
तिसऱ्यांदा तोच हळूच म्हणाला, शून्य,
आणि मी त्याच्या मागून एक.

चाळीस पॉइंट दोन.
नऊ पॉइंट सत्त्याहत्तर.
टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत.
तस्लीमनं पंखा लावला. भूषणनं भावाचं जर्नल
दप्तरात खाली, डब्याच्याही खाली सरकवलं.

त्रुटीच्या रकान्यात मी लिहिलं :
मोजणाऱ्याच्या घरची सवय.
मॅडमनी ते खोडलं नाही, नुसती सही केली.

रात्री बाबांना सांगितलं.
अंगावर अजून मक्याचा भुसा, ताटात कळण्याची भाकर.
म्हणाले, पहिलं माप देवनं ऱ्हास,
त्याले एक म्हनतस नई.
मग घास तसाच हातात धरून बराच वेळ गप्प.
मला वाटलं, दुखावले.

तर म्हणाले, पोतं भरानं पहिले
आम्ही रिकामं पोतं तोलतस,
बारदाना. तो मंग वजा करतस.
तुन्हं शून्य म्हंजे तेच शे का?

मी म्हणाले, नाही. मग म्हणाले, हो.
मग खरंच कळेना.
सोमवारी टेबल नंबर तीनवर विचारायचं आहे,
दिलवरला आधी.